पूर्वजांचा शोध आणि पितृऋण

१

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे मराठीत म्हटले जाते. या म्हणीचा रूढ अर्थ सर्वपरिचित आहे. माणसाची थोरवी त्याच्या आचरणावरून जोखावी, जन्मावरून नव्हे. उगमापाशी दिसलेल्या गढूळ पाण्यावरून पुढच्या प्रवाहाला नावे ठेवू नयेत. तथापि एखादी गोष्ट करू नये असे परंपरेला बजावून सांगावे लागते, तेव्हा ती करण्याची ओढ बलवत्तर असते हे उघड आहे. आपण कोणाचे, कोठून आलो, हे नाव आपल्याआधी कोणी धारण केले, हे प्रश्न माणूस विचारीतच राहतो. ज्यांच्या घराण्याने दोन-तीन शतकांत दोन-तीन देश बदलले, त्यांच्यापुढे तर हा प्रश्न निव्वळ जिज्ञासेचा राहत नाही.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत जर्मन प्रदेशांतून रशियात शेती करण्यासाठी गेलेल्या वसाहतकऱ्यांचे वंशज हे या शोधाचे एक ठळक उदाहरण होय. आज हे वंशज जर्मनीत, रशियात, कझाकस्तानात, अमेरिकेच्या कॅन्सस, नेब्रास्का, नॉर्थ डकोटा या राज्यांत, कॅनडात, अर्जेंटिनात आणि ब्राझीलमध्ये विखुरलेले आहेत. त्यांच्या संस्था आहेत, नियतकालिके आहेत, गावनिहाय याद्या आहेत. सारातोव्ह, एंगेल्स, ओडेसा आणि सेंट पीटर्झबर्ग येथील दप्तरखान्यांतून आपल्या पणज्या-खापरपणज्यांची नावे हुडकून काढणे हा हजारो कुटुंबांचा दीर्घकाळचा उद्योग आहे. या उद्योगाकडे छंद म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि तो केवळ जर्मनवंशीयांचा नाही. पूर्वज शोधणाऱ्याला नेमके काय सापडते? आणि जे सापडते, त्यातले हवे तेवढे उचलण्याची मोकळीक त्याला असते काय?

२

या इतिहासाचा आरंभ एका जाहीरनाम्यापासून होतो. रशियाची सम्राज्ञी दुसरी कॅथरिन, जी स्वतः जर्मन राजघराण्यात जन्मली होती, तिने रशियातील जुन्या पंचांगाप्रमाणे २२ जुलै १७६३ रोजी परदेशी लोकांना वसाहतीचे आमंत्रण दिले. जमीन, धर्माचरणाचे स्वातंत्र्य, लष्करी सेवेतून सूट, ओसाड भागात वसणाऱ्यांस तीस वर्षे करमाफी, बिनव्याजी कर्ज आणि गावचा कारभार गावाकडे, अशी आश्वासने तीत होती. सात वर्षांचे युद्ध त्याच वर्षी संपले होते. हेसन, फाल्झ आणि आसपासच्या संस्थानांतील सामान्य माणूस कर, सक्तीची सैन्यभरती आणि उपासमार यांनी गांजला होता. दलाल गावोगाव फिरू लागले. हेसनमधील ब्यूडिंगेन येथे १७६६ मध्ये निघण्यापूर्वी शेकडो जोडप्यांची लग्ने लागली. पुढे ल्यूबेक बंदरातून बाल्टिक समुद्रमार्गे सेंट पीटर्झबर्गजवळील ओरानीनबाउम, आणि तेथून महिनोन्‌महिने नदीने व रस्त्याने सारातोव्ह, असा तो प्रवास होता. वाटेत कित्येक दगावले. १७६४ ते १७६७ या काळात पंचवीस हजारांहून अधिक माणसे व्होल्गाच्या दोन्ही तीरांवर पोहोचली आणि शंभराहून अधिक गावे वसली. त्यांत विणकर, चांभार, पदच्युत सैनिक असे नाना धंद्यांचे लोक होते. सरकारने मात्र बहुतेकांच्या हाती नांगर दिला. १८०४ नंतर अलेक्झांडर पहिला याच्या धोरणाने असाच दुसरा ओघ काळ्या समुद्राच्या उत्तरेस, ओडेसाच्या परिसरात आला.

या लोकांची नावे आज सापडतात ती कोठे? ओरानीनबाउम येथे उतरलेल्यांची यादी झाली, सारातोव्हकडे निघालेल्या तांड्यांच्या याद्या झाल्या, १७६७ मध्ये वसाहतींची पहिली गणती झाली. त्या गणतीत कुटुंबप्रमुखाचे नाव, वय, धर्मपंथ, मूळ गाव, धंदा, पत्नी आणि मुले यांची नोंद आहे. पुढे त्यात मिळालेले घोडे, गाई आणि लागवडीखालील जमीनही मोजलेली आढळते. हे सर्व तपशील वंशजाला आज अमोल वाटतात. परंतु ज्या लेखनिकाने ते टिपले त्याच्या मनात वंशज नव्हताच. सरकारने दिलेले कर्ज कोणाकडे येणे आहे, हे कळावे म्हणून ती वही लिहिली गेली होती. रशियन लिपीत 'ह'साठी अक्षर नसल्याने 'हॉफमन' तेथे 'गोफमन' झाला. ज्याचे नाव लिहिले जात होते त्याला ते वाचता येत नव्हते. वंशावळीचे पहिले पान हे मुळात कर्जखात्याचे पान होते.

मराठी इतिहासाच्या अभ्यासकाला यात आश्चर्य वाटणार नाही. जुन्या महजरांत आणि करीन्यांत घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती येते, ती वतनाचा तंटा उभा राहिला म्हणून. पूर्वजांविषयीचा आदर हा त्या लेखनाचा हेतू नसतो. हक्क शाबीत करणे हा असतो. 'वतन' या शब्दाची गंमतही येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. मराठीत त्याचा अर्थ वंशपरंपरेने चालणारा हक्क असा रूढ झाला, तर उर्दू-हिंदीत तोच शब्द मायभूमीसाठी वापरला जातो. व्होल्गाकाठच्या जर्मनांचा सारा इतिहास या दोन अर्थांमधल्या अंतरात घडला, असे म्हणता येईल. त्यांना हक्क मिळाला, आणि त्या हक्कालाच ते मायभूमी समजू लागले. हक्क देणाऱ्याने तो १८७१ मध्ये काढून घेतला. १८७४ मध्ये सैन्यभरतीही सक्तीची झाली. 'सदैव' दिलेले आश्वासन शंभर-सव्वाशे वर्षांत संपुष्टात आले. तेव्हा अनेकांनी पुन्हा बोचकी बांधली आणि अमेरिकेची वाट धरली.

३

ज्यांनी वाट धरली नाही त्यांची कहाणी विसाव्या शतकात वेगळ्याच वळणाने गेली. १९२१-२२ च्या दुष्काळाने व्होल्गाकाठ उजाड केला. १९२४ मध्ये त्यांचे स्वायत्त सोव्हिएत प्रजासत्ताक स्थापन झाले. शाळा, नाटकगृह, वृत्तपत्र जर्मन भाषेत चालू लागले. १९३७-३८ मध्ये गुप्त पोलिसांच्या 'जर्मन मोहिमे'त हजारोंना गोळ्या घातल्या गेल्या. आणि जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर दोनच महिन्यांनी, २८ ऑगस्ट १९४१ च्या हुकमाने, व्होल्गाकाठची सर्व जर्मन लोकसंख्या सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हद्दपार करण्यात आली. त्यांच्यांत हजारो हेर आणि घातपाती दडले आहेत, आणि त्यांची खबर कोणीही दिलेली नाही, असा आरोप त्या हुकमात होता. आरोपी कोणी एक नव्हता. सारे नाव, सारे कूळ आरोपी होते. सुमारे चार लाख माणसे मालगाड्यांत भरली गेली. पुढे पुरुष आणि पुष्कळशा स्त्रियाही सक्तीच्या श्रमसैन्यात गेल्या; असंख्य परत आल्या नाहीत. १९४८ च्या हुकमाने ही हद्दपारी कायमची ठरवली. १९५५ मध्ये देखरेख उठली, पण गावी परतण्याची परवानगी मिळाली नाही. १९४१ चा तो आरोप निराधार होता हे सरकारने १९६४ मध्ये मान्य केले. बाल्झरचे क्रास्नोआर्मेस्क झाले, नोर्काचे नेक्रासोवो झाले, कॅथरिनच्या नावाचे काटरिनेनश्टाट मार्क्सच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

या पार्श्वभूमीवर पूर्वजाचे नाव शोधणे ही न्यायाची मागणी होते. ज्याला पुसून टाकले गेले त्याचे नाव पुन्हा उच्चारणे, एवढेच मृताविषयीचे कर्तव्य जिवंताच्या हाती उरलेले असते. हद्दपारांच्या घरांतून मुलांशी चारचौघांत जर्मन बोलणे बंद झाले, जुनी छायाचित्रे जाळली गेली, आजोबांविषयीचे प्रश्न टाळले गेले. कादंबरीकारांनी हे मौन अचूक टिपले आहे. गुझेल याखिना यांच्या २०१८ मधील 'माझी मुले' या रशियन कादंबरीतील व्होल्गाकाठचा शाळामास्तर एका आघातानंतर मुकाच होतो आणि लिहीत राहतो. कझाकस्तानात जन्मलेल्या एलेओनोरा हुमेल यांच्या 'बर्लिनचे मासे' (२००५) या जर्मन कादंबरीत नातीच्या प्रश्नांतून आजोबांचा दडवलेला भूतकाळ थोडाथोडा उलगडतो. अशा घरातील नातवंडाला 'कुळाचे मूळ शोधू नकोस' असे सांगणे म्हणजे हुकूम काढणाऱ्याचेच काम पुढे चालविणे होय. म्हणीतले शहाणपण येथे अपुरे पडते.

१९९१ च्या रशियन कायद्याने दडपशाहीला बळी पडलेल्यांच्या नातलगांना त्यांची प्रकरणे पाहण्याचा अधिकार दिला. पोलिसी बासनात आजोबांची जबानी असते, सही असते, कधी शेवटचे छायाचित्र असते. वंशजाला ते देवघरातल्या वस्तूसारखे वाटते. पण त्याच बासनात शेजाऱ्याची साक्षही असते. साक्षीदाराचे नाव त्याच गावचे, त्याच चर्चमधले, क्वचित त्याच घराण्यातले असते. ती साक्ष मारहाणीखाली घेतलेली असेल, किंवा नसेलही. तो साक्षीदार पुढच्या महिन्यात स्वतः पकडला गेला असेल. त्याचीही नातवंडे आहेत, आणि तीही आपला पूर्वज शोधीत आहेत. दोन नातवंडांना एकच कागद सापडला, तर त्यांनी एकमेकांना काय म्हणावे? शोधाचा खरा पेच येथून सुरू होतो.

४

आणि हा पेच येथे थांबत नाही. व्होल्गाकाठी नाझी सैन्य पोहोचण्यापूर्वीच तेथील जर्मन हद्दपार झाले होते. नीपरच्या पश्चिमेकडील, विशेषतः ओडेसाच्या परिसरातील बहुसंख्य जर्मन वसाहती मात्र तशाच राहिल्या आणि जर्मन व रुमानियन ताब्यात आल्या. ट्रान्सनिस्ट्रिया या नावाने ओळखल्या गेलेल्या त्या प्रदेशात नाझी एस. एस. संघटनेने जर्मन गावांतून सशस्त्र 'स्वसंरक्षण दले' उभी केली, आणि १९४१-४२ च्या हिवाळ्यात ओडेसाहून हाकलून आणलेल्या हजारो ज्यूंच्या हत्येत या दलांतील गावकऱ्यांनी भाग घेतला. वसाहतींच्या अभिमानी इतिहासांतून हे प्रकरण दीर्घकाळ गाळले गेले. १९३०च्या दशकात स्टालिनच्या राजवटीने त्यांच्यावर केलेले अत्याचार खरे होते, भूक खरी होती, रात्री उचलून नेलेले बाप खरे होते. त्यांपैकी कोणाच्या हातून काही वर्षांनी ज्यूंवर गोळ्या झाडल्या गेल्या, हेही तितकेच खरे आहे. एक सत्य दुसऱ्याला खोडून काढीत नाही.

१९४३-४४ मध्ये जर्मन सैन्य मागे हटू लागले तेव्हा काळ्या समुद्राकाठच्या लाखो जर्मनवंशीयांना पश्चिमेकडे, पोलंडच्या जर्मनीने गिळलेल्या प्रदेशात नेण्यात आले. तेथील पोलिश कुटुंबांना त्यापूर्वीच घरांतून आणि शेतांतून हुसकावले गेले होते. या आगंतुकांना नागरिकत्व देण्यासाठी एस. एस.च्या अखत्यारीतील स्थलांतर कचेरीने प्रत्येक कुटुंबाचे प्रकरण तयार केले. त्यात मागच्या पिढ्यांची नावे आहेत, जन्मतारखा आहेत, अर्जदाराच्या हस्ताक्षरातील आत्मवृत्त आहे, छायाचित्र आहे, आणि वांशिक तपासणीचा शेराही आहे. युद्धानंतर ही बासने अमेरिकनांच्या हाती लागली आणि त्यांच्या चित्रफिती झाल्या. आज वंशावळ शोधणाऱ्याला याहून संपन्न साधन नाही. आजीच्या हातचे एक पान मिळावे म्हणून जो माणूस ती चित्रफीत उघडतो, त्याच्यापुढे तिच्या रक्ताला दिलेले गुणही येतात. पुढे १९५५ च्या जर्मन कायद्याने युद्धकाळातील या सामूहिक नागरिकत्वदानाला मान्यता दिली. त्यामुळे अनेकांच्या नातवंडांना या कागदाचा कायदेशीर उपयोगही झाला.

कार्ल श्टुम्प (१८९६-१९८२) याचे उदाहरण तर अधिकच अस्वस्थ करणारे आहे. जर्मनीतून रशियात १७६३ ते १८६२ या काळात झालेल्या स्थलांतरावरील त्याचा बृहद्‌ग्रंथ १९७०च्या दशकात प्रसिद्ध झाला आणि वंशावळ शोधणाऱ्यांचा आधारग्रंथ ठरला. कोणते कुटुंब कोणत्या गावाहून कोणत्या वसाहतीत गेले, याच्या याद्यांनी तो भरलेला आहे. श्टुम्प हा ओडेसाजवळच्या वसाहतीतच जन्मला होता. आपल्या लोकांविषयीचे त्याचे प्रेम खोटे म्हणता येत नाही. परंतु १९४१ ते १९४३ या काळात तो व्याप्त युक्रेनमध्ये त्याच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या विशेष पथकाचा प्रमुख होता. नाझी सरकारच्या पूर्वप्रदेश मंत्रालयासाठी हे पथक गावोगावच्या जर्मन कुटुंबांची, मिश्र विवाहांची, हद्दपार आणि मृत व्यक्तींची नोंद करीत होते. आणि त्याच काळात त्याच प्रदेशातील ज्यूंचा संहार चालू होता. त्याच मंत्रालयातील गेओर्ग लाइब्रांट, हाही ओडेसा परिसरातील वसाहतीचाच पुत्र, २० जानेवारी १९४२ रोजी वान्झे येथील बैठकीला उपस्थित होता. युरोपातील ज्यूंच्या संहाराची यंत्रणा जिने एकसूत्री केली, तीच ही बैठक. एरिक श्माल्ट्झ आणि सॅम्युएल सिनर या अभ्यासकांनी २००० मध्ये या दोघांच्या संशोधनाचा आणि अमेरिकेतील त्याच्या वारशाचा परामर्श घेतला, तेव्हा वंशावळीच्या शांत वाचनकक्षात एक नकोसा प्रश्न शिरला. ज्या हाताने आपल्या पणजोबाचे नाव जपले, त्याच हाताची यादी दुसऱ्या कोणाच्या मरणाच्या व्यवस्थेत बसविलेली होती. त्या हाताचे आभार मानायचे की नाही?

५

या प्रश्नाला दोन सोपी उत्तरे नेहमी दिली जातात. पहिले असे की माहिती ही माहिती असते. ती गोळा करणाऱ्याचा हेतू तिला चिकटत नाही. श्टुम्पने दिलेली तारीख बरोबर असेल तर ती बरोबरच राहील. दुसरे उत्तर याच्या उलट. ज्या मुळाला रक्त लागले आहे ते शोधूच नये. वंशाची आस्थाच विषारी आहे, तिचा त्याग करावा. पहिल्या उत्तरात बधिरता आहे, दुसऱ्यात पळवाट. पहिले उत्तर देणारा कागदाला कोरा समजतो. दुसरे उत्तर देणारा, हद्दपार झालेल्या आजीचे नावही त्याच आगीत टाकतो.

जर्मन तत्त्वचिंतक कार्ल यास्पर्स याने १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अपराधविषयक निबंधात गुन्हेगारी, राजकीय, नैतिक आणि पारमार्थिक अशा अपराधाच्या चार पातळ्या वेगळ्या केल्या. गुन्हा ज्याचा त्याने भोगावा, समूहाला गुन्हेगार ठरवता येत नाही, हे त्याने निःसंदिग्धपणे सांगितले. तथापि ज्या राज्यव्यवस्थेत माणूस जगतो तिच्या कृत्यांची राजकीय जबाबदारी त्याला टाळता येत नाही, हेही त्याने तितक्याच ठामपणे मांडले. नातू हा आजोबाच्या गोळीचा गुन्हेगार नाही. असे असूनही नातू जेव्हा आजोबाचे नाव अभिमानाने घेतो, तेव्हा त्याने स्वेच्छेने एका वारशावर हक्क सांगितलेला असतो. आणि वारशाचा धर्म असा की मालमत्ता घेणाऱ्याच्या अंगावर देणेही येते. स्टेपीवर गहू पिकविणाऱ्या पूर्वजाच्या कष्टांचा अभिमान वाटतो, त्या कष्टांत नातवाचे काडीइतकेही कर्तृत्व नसते. जे न करता अभिमान मिळतो, ते न करता लाजही मिळू शकते. अभिमान घ्यायचा आणि लाज नाकारायची, हा व्यवहार कोणत्याही पेढीवर चालणार नाही.

येथे दैवाचाही भाग आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी १९७६ मध्ये 'नैतिक दैव' या कल्पनेची चर्चा केली. माणूस ज्या कृत्यांनी ओळखला जातो त्यांतली पुष्कळशी त्याला कोठे आणि कधी राहावे लागले यावर अवलंबून असतात, हा तिचा गाभा. या इतिहासात ती कल्पना नकाशावर आखलेली दिसते. समजा, एका गावच्या दोन चुलत घराण्यांपैकी एक १७६६ मध्ये व्होल्गाकाठी गेले, दुसरे १८०९ च्या सुमारास ओडेसाकडे. पहिल्याचा वंशज १९४१ मध्ये मालगाडीत कोंबला गेला. दुसऱ्याच्या हाती बंदूक दिली गेली. पहिल्याच्या निष्पापतेत त्याचे पुण्य किती, आणि संधीचा अभाव किती? बळीचा वंशज असणे ही नैतिक पदवी नव्हे, एवढे तरी यावरून ध्यानात यावे. मात्र बंदूक हाती आलेल्या सर्वांनीच ती चालवली असे नाही. दैव प्रसंग आणते, निवड पुसून टाकत नाही.

दोन परस्परविरोधी राजवटींनी एकाच गृहीतावर या लोकांचे भवितव्य ठरवले, ही बाब विशेष विचारणीय आहे. सोव्हिएत हुकमाने मानले की दोनशे वर्षे या मातीत राहूनही रक्त बर्लिनशी इमान राखील. नाझी कचेरीनेही नेमके तेच मानले. एकाने त्या रक्तासाठी शिक्षा दिली, दुसऱ्याने बक्षीस. सोव्हिएत पारपत्रात राष्ट्रीयतेचा रकाना असे. मुलांना त्रास नको म्हणून ज्या आईबापांनी तेथे 'जर्मन' ऐवजी 'रशियन' लिहून घेतले, त्यांच्याच मुलांना १९९०च्या दशकात जर्मनीत स्थलांतराचा अर्ज करताना आपले जर्मनपण शाबीत करणे कठीण गेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून वीस लाखांहून अधिक माणसे, जर्मनवंशीय आणि त्यांचे कुटुंबीय, पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांतून जर्मनीत आली. त्याच काळात, १९६१ च्या करारानंतर जर्मनीत आलेल्या तुर्की कामगारांची तेथेच जन्मलेली मुले परकी गणली जात होती; जन्मभूमीच्या आधारे नागरिकत्व मिळण्याची तरतूद २००० मध्ये अमलात आली. अडीचशे वर्षांपूर्वी गेलेल्याचा पणतू आपला, आणि समोरच्या घरात जन्मलेले मूल परके, असा तो हिशेब होता. पूर्वजशोधाने हाती येणारा कागद अशा हिशेबाला साधन पुरवतो, याची जाणीव शोधणाऱ्याने ठेवणे एवढेच त्याच्याकडून अपेक्षित आहे.

६

भारतीय परंपरेत पितरांशी असलेले नाते ऋणाच्या भाषेत मांडले गेले आहे, ही गोष्ट येथे उपयोगी पडते. पितृऋण या कल्पनेत वंशज हा मालक नसतो. तो देणेकरी असतो. पूर्वजांनी काय दिले याबरोबर पूर्वजांनी कोणाचे काय घेतले, हाही प्रश्न त्या ऋणात बसतो, असा तिचा अर्थ विस्तारला पाहिजे. कारण कोणताही पूर्वज रिकाम्या जगात जगलेला नसतो.

कॅथरिनच्या जाहीरनाम्यातली ओसाड जमीन खरोखर ओसाड नव्हती. व्होल्गाच्या पलीकडे काल्मिक आणि कझाक भटक्या टोळ्यांची कुरणे होती. १७७१ मध्ये काल्मिकांचा मोठा भाग पूर्वेकडे निघून गेला. पुढच्या काही वर्षांत कझाक स्वारांनी वसाहतींवर छापे घातले आणि माणसे पळवून नेली. वसाहतींच्या इतिहासांत हे प्रकरण रानटी हल्ल्याचे म्हणून येते, कुरणाचे म्हणून येत नाही. काळ्या समुद्राजवळच्या स्टेपीवरील नोगाई लोक १८६०च्या सुमारास आपली भूमी सोडून ओटोमन साम्राज्यात गेले. ज्या वसाहतकऱ्यांनी पुढे अमेरिका गाठली त्यांना १८६२ च्या कायद्याने एकशे साठ एकर जमीन जवळजवळ फुकट मिळाली. डकोटाच्या मैदानांतील ती जमीन तेथील आदिवासींकडून करारांनी आणि बळाने घेतलेली होती. दोन्ही वेळा दात्याने जे दिले ते त्याचे नव्हते. वसाहतकरी हा दरोडेखोर नव्हता. तो गरजू आणि कष्टाळू माणूस होता. परंतु त्याच्या वहीत जमिनीच्या आधीच्या धन्याचे नाव लिहिलेले नाही, आणि त्या धन्याचा वंशज कोणत्या दप्तरखान्यात जाऊन आपले नाव शोधील, हा प्रश्न शिल्लक राहतो.

या वहीत आणखी एक जमा बाजू राहून गेली आहे. १९४१ च्या शरद ऋतूत आणि हिवाळ्यात हद्दपार जर्मन कझाक स्टेपीवर उतरविले गेले, तेव्हा तेथील कझाकांनी अवघ्या आठ-दहा वर्षांपूर्वी भयंकर दुष्काळ भोगला होता. १९३० ते १९३३ या काळात सक्तीच्या सामूहिकीकरणाने दहा लाखांहून अधिक कझाक मेले होते. सरकारने या नव्या लोकांची शत्रू म्हणून ओळख करून दिली होती. अनेक हद्दपारांच्या आठवणींत असे येते की कोणा कझाक बाईने दार उघडले, पोरांना भाकरीचा तुकडा आणि दूध दिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ज्यांचे पूर्वज पावणेदोनशे वर्षांपूर्वी कझाकांच्या कुरणावर नांगर घेऊन आले होते, त्यांच्या मुलांना कझाकांच्या घरात भाकरी मिळाली.

वंशवृक्षाच्या कोणत्याही फांदीवर त्या बाईचे नाव लिहिता येत नाही. ती रक्ताची नाही. गणतीच्या यादीत ती नाही, पोलिसी बासनात नाही, वांशिक तपासणीच्या तक्त्यात तर नाहीच. तरीही तो तुकडा मिळाला नसता तर वृक्षाची ती फांदी तेथेच वाळली असती आणि शोध घेणारा जन्मालाही आला नसता. पूर्वजशोधाची सर्व साधने रक्ताचा माग काढतात. जीव ज्यांच्यामुळे तगला, त्यांचा माग काढण्याची सोय त्यांत नाही. ती सोय शोधणाऱ्यालाच करावी लागते. त्याने आपल्या वहीच्या एका बाजूला पूर्वजांची नावे लिहावीत, आणि समोरच्या पानावर, जेथे नावे माहीत असतील तेथे नावे आणि नसतील तेथे केवळ खुणा, अशी धनकोंची यादी लिहावी: ज्याचे कुरण गेले तो नोगाई, ज्याच्या घरातून हुसकावून घराचे दार उघडे ठेवले गेले तो पोलिश शेतकरी, ज्याला बेरेझोव्हकाच्या बर्फात उभे केले गेले तो ओडेसाचा ज्यू, आणि जिने दार उघडले ती कझाक बाई. हे दुसरे पान कोरे ठेवून पहिले भरत जाणारी वंशावळ कितीही अचूक असली तरी ती खोटीच ठरते.

म्हणीकडे परत यायचे तर तिचा निषेध बरोबरच आहे. मात्र तो कशाचा, हे नीट समजून घेतले पाहिजे. कुळावरून कोणाची प्रतिष्ठा ठरवू नये, शिक्षा ठरवू नये आणि हक्कही ठरवू नये, हे तिचे म्हणणे विसाव्या शतकाने फार मोठी किंमत देऊन खरे करून दाखविले. परंतु नदीचे मूळ शोधीत वर चढणाऱ्याला वाटेत दुसरेही काही दिसते. एका झऱ्याने नदी होत नाही. वाटेत कितीतरी ओढे येऊन मिळतात, त्यांची नावे नकाशावर नसतात, आणि खालच्या गावात पोहोचणारे पाणी बहुतांशी त्यांचेच असते.